गाळलेल्या सहा महिन्यांविषयी : मराठी बालसाहित्याच्या प्रकाशक-संपादकांना खुले पत्र

मराठीत मुलांसाठी पुस्तकं काढणारे प्रकाशक, संपादक आणि त्यांचे लेखक यांना,

सप्रेम नमस्कार.

अपंगत्व आलेल्या मुलाची कादंबरी हाती घेतली की दुसऱ्या-तिसऱ्या प्रकरणाच्या शेवटी बहुतेक वेळा एक ओळ भेटते: ‘बघता बघता सहा महिने उलटले.’ ओळीच्या अलीकडे हॉस्पिटलची खाट असते. पलीकडे शाळेचं स्नेहसंमेलन, धावण्याची शर्यत नाहीतर चित्रकलेचं बक्षीस. मूल रडत झोपलं आणि हसत उठलं, असं वाटावं इतक्या सहज तो उंबरठा ओलांडला जातो.

आम्ही नागपुरात अशा मुलांबरोबर काम करणारे फिजिओथेरपिस्ट, कृत्रिम अवयव बसवणारे तंत्रज्ञ आणि विशेष शिक्षक आहोत. हे पत्र त्या गाळलेल्या सहा महिन्यांविषयी आहे. कादंबरी तिथेच असते, असं आम्हाला मनापासून वाटतं. ती लिहायची तर त्या महिन्यांत कुठलं काम कोण करतं, कशाला किती वेळ लागतो आणि काय बिघडतं, हे माहीत हवं. जिद्द, धीर, आत्मविश्वास हे शब्द तोवर बाजूला ठेवावेत, अशी विनंती.

एकच उदाहरण तपशिलात घेऊ. समजा, तुमच्या कादंबरीतली मुलगी अकरा वर्षांची आहे, नागपूरच्या महाल भागात चितारओळीच्या आसपास राहते, आणि मे महिन्याच्या सुरुवातीला अपघातात तिचा उजवा पाय गुडघ्याखाली कापावा लागला.

टाके दोन-तीन आठवड्यांनी निघतात. जखम वरून भरलेली दिसते, पण उरलेला पाय सुजलेला असतो. हॉस्पिटलात त्याला ‘स्टंप’ म्हणतात आणि चार दिवसांत घरचेही तोच शब्द वापरू लागतात. ही सूज उतरल्याशिवाय कृत्रिम पायाचं माप घेता येत नाही, म्हणून क्रेप बँडेज बांधायचं. ते बांधण्याची एक रीत आहे. पट्टी इंग्रजी आठच्या आकड्यासारखी तिरकी फिरवायची, टोकाशी घट्ट आणि वर जाताना सैल. गोल गोल गुंडाळली तर मध्ये आवळलं जातं आणि टोक भोपळ्यासारखं फुगतं. पुढे त्या आकाराला सॉकेट, म्हणजे कृत्रिम पायाचा वरचा पोकळ भाग, बसवणं जिकिरीचं होतं. पट्टी दिवसातून चार-पाच वेळा सोडून पुन्हा बांधावी लागते, कारण हालचालीने ती सुटते. आता लेखकाने विचार करावा, की हे बांधणार कोण? पहिल्या दिवशी आईला त्या जागेकडे बघवत नाही. वडील बांधतात ते फार सैल, दुखेल या भीतीने. पंधराव्या दिवशी मुलगी स्वतः बांधते आणि ते दोघांपेक्षा चांगलं जमतं. घरातल्या तिघांचं नातं कसं बदललं हे सांगायला एक बँडेज पुरेसं आहे, वेगळं भाषण लागत नाही.

मग उशी. आजी मायेने नातीच्या गुडघ्याखाली उशी सरकवते. फिजिओथेरपिस्ट येतो आणि पहिली गोष्ट काय करतो, तर ती उशी काढून टाकतो. गुडघा तासन् तास वाकलेला राहिला की मागचे स्नायू आखडतात, गुडघा सरळ होईनासा होतो, आणि वाकलेल्या गुडघ्यावर कृत्रिम पाय नीट बसत नाही. त्याच कारणाने खुर्चीत बसताना स्टंप खाली लोंबत ठेवायचा नाही, फळीवर सरळ ठेवायचा. दिवसातून दोन-तीनदा पंधरा-वीस मिनिटं पालथं झोपायचं. आजीला हा छळ वाटतो. तिचं बरोबर आहे आणि फिजिओथेरपिस्टचंही बरोबर आहे. दोन्ही माणसं मुलीच्या भल्यासाठी भांडताहेत, असा प्रसंग मुलांच्या पुस्तकात फार क्वचित येतो. अशा पुस्तकांत टोमणे मारणारी एक शेजारीण ठरलेली असते. तिच्यापेक्षा ही उशी कथेला पुढे नेते.

नसलेल्या पायाची खाज हा असाच एक विषय. कापलेल्या पायाचा अंगठा खाजतो, टाच मुरगळल्यासारखी दुखते, रात्री बोटं आवळल्यासारखी वाटतात. लेखक यातून भुताची गोष्ट तरी करतात, नाहीतर ‘मनाचे खेळ’ म्हणून सोडून देतात. मेंदूत त्या पायाचा नकाशा शाबूत असतो आणि तो खरोखरच जाणीव उठवतो. यातला सर्वांत धोक्याचा क्षण पहाटेचा. झोपेतून उठून लघवीला जाताना मुलगी सवयीने दोन्ही पाय जमिनीवर टाकते आणि पडते, ताज्या जखमेवर. म्हणून खाटेशी कुबड्या उभ्या करून ठेवायच्या आणि वाटेत छोटा दिवा लावायचा. वेदना फार असेल तर आरशाचा उपाय आहे. दोन पायांच्या मध्ये उभा आरसा ठेवायचा, चांगल्या पायाचं प्रतिबिंब दुसऱ्या पायाच्या जागी दिसेल असा, आणि चांगला पाय सावकाश हलवायचा. मेंदूचे अभ्यासक विलयनूर रामचंद्रन यांनी १९९० च्या दशकात ही पद्धत मांडली. सगळ्यांनाच गुण येतो असं नाही. पण अकरा वर्षांची मुलगी आरशात स्वतःचे दोन पाय बघते, हे दृश्य लेखकाने डोळ्यांसमोर आणून बघावं.

कुबड्यांच्या बाबतीत चित्रकार आणि लेखक दोघेही एकच चूक करतात. चित्रात कुबडी काखेत रुतलेली असते आणि मूल तिच्यावर लटकलेलं. खरी कुबडी काखेच्या दोन-तीन बोटं खाली थांबते. वजन तळहातांवर घ्यायचं असतं. काखेतून जाणारी नस दाबली गेली तर मनगट लुळं पडू शकतं. कुबडीची मूठ मनगटाच्या घडीच्या उंचीवर हवी, म्हणजे कोपर किंचित वाकतं. जिना चढताना चांगला पाय आधी, मग कुबड्या. उतरताना कुबड्या आधी, मग चांगला पाय. उलटं केलं की तोल जातो. टोकाचं रबर झिजलं की ओल्या शहाबादी फरशीवर कुबडी सटकते, आणि जुलैत नागपुरात ओली नसलेली फरशी सापडणं कठीण. ते बदलायला वाटीएवढा रबराचा तुकडा लागतो. तो वेळेवर न बदलल्यामुळे झालेली पडझड कुठल्याही खलनायकाइतकी खरी आहे.

आता पाय. ‘जयपूर फूट’ हे नाव सगळ्यांना माहीत असतं. १९६८ मध्ये जयपूरच्या सवाई मानसिंग रुग्णालयात कारागीर रामचंद्र शर्मा आणि डॉ. प्रमोद करण सेठी यांनी तो घडवला. तो आपल्याकडच्या राहणीसाठी आहे. अनवाणी चालता येतं, उकिडवं बसता येतं, मांडी घालून जेवता येतं. पण पाऊल हा त्या पायाचा एक भाग झाला. खरी कसोटी वरच्या सॉकेटची असते, ज्यात स्टंप बसतो. ‘स्टंपच्या टोकावर सगळा भार देऊन ती उभी राहिली’ हे वाक्य आम्ही पुन्हा पुन्हा वाचतो. गुडघ्याखालच्या सॉकेटमध्ये मुख्य भार गुडघ्याच्या वाटीखालच्या जाड स्नायुबंधावर (टेंडनवर) आणि आजूबाजूच्या मऊ भागांवर येतो. टोकावर सगळा भार आला तर समजावं की काहीतरी चुकलंय, आणि त्याचं कारण बहुधा मोज्यात असतं.

मोज्यांचं गणित मुलांना आवडेल असं आहे. स्टंप दिवसभरात बारीक होतो, सकाळी भरलेला आणि संध्याकाळी रोडावलेला. त्यामुळे सॉकेट दुपारनंतर सैल पडतं, स्टंप खाली घसरतो, टोक तळाला टेकतं आणि दुखतं. उपाय म्हणजे मोजा वाढवायचा. मोजे एकपदरी, तीनपदरी, पाचपदरी असे मिळतात. मुलीच्या दप्तरात डब्याशेजारी दोन जादा मोजे असतात आणि मधल्या सुटीत ती एक चढवते. काही महिन्यांनी सगळे पदर मिळून दहा-पंधरा झाले की सॉकेट बदलायची वेळ आली. मोजा रोज धुवायचा, सुरकुती न पडू देता घालायचा. एक सुरकुती म्हणजे संध्याकाळपर्यंत एक फोड. स्टंप रात्री धुवायचा, सकाळी नाही, कारण ओलसर कातडी सॉकेटमध्ये सोलवटते.

पहिल्या दिवशी पाय घालून कोणी शाळेत जात नाही. सुरुवात पंधरा-वीस मिनिटांनी होते. काढायचा, कातडी बघायची. लाली दहा-पंधरा मिनिटांत गेली तर ठीक. राहिली तर तिथे सॉकेट दाबतंय, तंत्रज्ञाकडे परत. मग अर्धा तास, मग तास. मे महिन्यात अपघात, जूनमध्ये सूज, जुलैत माप, म्हणजे पोळ्यापर्यंत मुलगी फार तर दोन तास सलग पाय घालू शकते.

लेखकांनी इथे क्षणभर थांबावं. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा. लाकडी नंदी सजवून घरोघर फिरायचं, बोजारा, म्हणजे घरोघरी मिळणारी बक्षिशी, गोळा करायचा. त्याच दिवशी महालातून, इतवारीतून मारबतीची, म्हणजे रोगराई गावाबाहेर नेणाऱ्या पुतळ्याची, मिरवणूक. मुलीकडे दोन तास आहेत. ते मिरवणुकीला द्यायचे की नंदीला? नंदी न्यायचा तर पाय घालून न्यायचा की कुबड्यांवर? कुबड्यांवर दोन्ही हात अडकलेले. दोरी कुबडीला बांधली तर प्रत्येक पावलाला नंदी झटका देतो आणि कुबडी मागे ओढली जाते. कमरेला बांधली तर सपाट रस्त्यावर जमतं, पण दोरी आखूड असेल तर नंदीची चाकं मागच्या कुबडीत येतात. लांब केली तर तो वळणावर गटाराच्या कडेला अडकतो. धाकट्या भावाच्या हातात दिली तर बोजारा कोणाचा? हे सगळं जिंकण्या-हरण्याचं नाही, पण अकरा वर्षांच्या वाचकाला यातला प्रत्येक प्रश्न आपला वाटेल. आणि मिरवणूक समोरून जाताना लोक ओरडत असतात, ‘ईडा पीडा, रोगराई, घेऊन जा गे मारबत!’ त्या क्षणी शेजारच्या बाईची नजर मुलीच्या पायाकडे जाते. लेखकाने तिला एक शब्दही बोलायला लावू नये.

नागपूरच्या उन्हाळ्याचा एक वेगळाच त्रास. पारा ४५ च्या पुढे जातो तेव्हा सॉकेटमध्ये घाम साचतो आणि स्टंप आत घसरू लागतो. दुपारी एकदा पाय काढून, पुसून, कोरडा मोजा घालावा लागतो. वर्गात सगळ्यांसमोर काढायचा का, हा प्रश्न मुलींना मुलग्यांपेक्षा जास्त छळतो. चपलेचाही प्रश्न येतो. अंगठ्याची चप्पल कृत्रिम पावलात टिकत नाही, कारण ती धरून ठेवायला बोटं आवळावी लागतात. मागे पट्टा असलेली सँडल हवी. बूट घालून माप दिलेला पाय सपाट चपलेत घातला तर टाचेची उंची बदलते आणि मुलगी मागे रेलल्यासारखी चालते. दिवाळीच्या नव्या चपलांचं प्रकरण लिहिताना हे लक्षात ठेवावं.

शेवटी, मूल वाढतं. पाय वाढत नाही. साधारण हिशेब असा, की पाच वर्षांपर्यंत दरवर्षी, पाच ते बारा या वयात दोन वर्षांनी आणि त्यानंतर एकविसाव्या वर्षापर्यंत तीन-चार वर्षांनी नवा पाय लागतो. आखूड पडलेला पाय आधी चालीत दिसतो. मुलगी एका बाजूला झुकते, गणवेशाचा स्कर्ट एका बाजूने खाली येतो, पाठ दुखते. आणखी एक गोष्ट मोठ्यांत होत नाही, वाढत्या मुलांत होते. कापलेल्या हाडाचं टोक आतून वाढत राहतं, निमुळतं होतं आणि कातडीला टोचू लागतं. काल छान बसणारा पाय आज दुखतो. कधी कधी पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागते. ‘पाय मिळाला आणि सारं सुरळीत झालं’ असं लिहिणाऱ्यांनी हे एकदा समजून घ्यावं. दुसऱ्या वर्षी येणारी ही अडचण पहिलीपेक्षा जड जाते, कारण आता सगळ्यांना वाटत असतं की हे प्रकरण संपलं.

कण्याला मार लागलेल्या मुलाच्या कादंबरीत व्हीलचेअर असते, पण लघवी नसते. दहा कादंबऱ्या वाचल्या तरी मूल एकदाही संडासात जात नाही. आणि हे मूल शाळा सोडतं ते बहुतेक वेळा याच कारणाने. कण्याची दुखापत झाली की मूत्राशय भरल्याचा निरोप मेंदूपर्यंत पोचत नाही. त्यामुळे दर चार ते सहा तासांनी एक बारीक नळी, कॅथेटर, घालून ते रिकामं करायचं. १९७२ मध्ये जॅक लॅपिडिस या अमेरिकी डॉक्टरने दाखवून दिलं, की त्यासाठी ऑपरेशन थिएटरची निर्जंतुकता लागत नाही. साबणाने धुतलेले हात आणि स्वच्छ नळी पुरते. सातआठ वर्षांचं मूल हे स्वतः शिकू शकतं. शाळा साडेदहा ते पाच असेल तर शाळेत निदान एकदा हे करावंच लागतं. त्याला काय हवं? आतून कडी लागणारं दार, नळाला पाणी, पिशवी अडकवायला खुंटी, पुरेसा उजेड. यातलं एकही नसलं की मूल सकाळपासून पाणी पिणं बंद करतं. नागपूरच्या मार्च-एप्रिलमध्ये पाणी न पिणाऱ्या अशा मुलाला महिन्याभरात मूत्रमार्गाचा जंतुसंसर्ग होतो, ताप येतो, शाळा बुडते. कडी नसलेलं एक दार एवढं सगळं घडवतं. हे किळसवाणं नाही आणि मुलांना वाचायला अवघडही नाही. अवघडतात ते संपादक.

दुसरा धोका कातडीचा. कमरेखाली जाणीव नसते, म्हणून दुखत नाही, म्हणून मूल हलत नाही, म्हणून बसल्या जागी जखम होते. खुर्चीत दर पंधरा-वीस मिनिटांनी हातांवर जोर देऊन बूड उचलायचं, नाहीतर पुढे वाकायचं. रात्री दर दोन तासांनी कूस बदलवायची, म्हणजे घरातलं कोणीतरी रोज जागं. संध्याकाळी आरशात पाठीचा खालचा भाग, बैठकीची हाडं आणि टाचा बघायच्या. आणि उन्हात उभ्या केलेल्या स्कूटरच्या सीटवर, लोखंडी बाकावर किंवा घसरगुंडीवर मुलाला बसवायचं नाही. चटका बसतो आणि त्याला कळतही नाही.

व्हीलचेअरचं माप फार थोडक्यात. मोठ्या माणसाची हॉस्पिटलातली खुर्ची अठरा इंच रुंद असते. दहा वर्षांचं मूल त्यात एका बाजूला कलंडतं, हात चाकांपर्यंत नीट पोचत नाहीत, पाठ वाकडी होऊ लागते. बैठक कमरेपेक्षा इंच-दोन इंच रुंद असली की पुरे. तुमच्या कादंबरीत मित्रांनी फळी टाकून रॅम्प केला असेल तर हिशेब करा. एक फूट उंचीला बारा फूट लांबी लागते. सहा-सहा इंचांच्या तीन पायऱ्यांना अठरा फूट. चार फुटांची फळी टाकली तर खुर्ची मागे उलटते. शहरात बऱ्याच गल्ल्यांत सिमेंटचे रस्ते उंच झाले आणि घरांचे उंबरठे खाली गेले. तिथे घराबाहेर पडायचा रॅम्प चढणीचा असतो. हे इथल्या लेखकाला दारातून बाहेर बघितलं तरी दिसेल.

दृष्टी गेलेल्या मुलीचं चित्रण सर्वांत जास्त काव्यमय केलं जातं, आणि सर्वांत कमी खरं. तिला हाताला धरून कोणी ओढू नये. तिने सोबत्याच्या कोपराच्या वर हात धरायचा आणि अर्धं पाऊल मागे चालायचं. मग त्याच्या शरीराच्या हालचालीवरून पायरी आली, वळण आलं, हे तिला कळतं. पांढरी काठी साधारण छातीच्या हाडापर्यंत उंच हवी. उजवा पाय पुढे पडतो तेव्हा काठीचं टोक डावीकडे टेकतं, म्हणजे पुढच्या पावलाची जागा आधी तपासली जाते.

ब्रेलविषयी मात्र मनसोक्त लिहिण्यासारखं आहे, आणि ते कोणी लिहीत नाही. सहा ठिपक्यांचं घर. ‘अ’ म्हणजे पहिला ठिपका, ‘क’ म्हणजे पहिला आणि तिसरा. मराठी वाचता येणारी मुलगी ब्रेल शिकते तेव्हा तिला नव्याने काही गोष्टी कळतात. छापील ‘कि’ मध्ये वेलांटी आधी काढतात, उच्चार मात्र नंतर होतो. ब्रेलमध्ये आधी क, मग इ, जसं ऐकू येतं तसं. जोडाक्षरात पाय मोडल्याची खूण अक्षराच्या आधी येते. पाटी आणि टोचणीने लिहायचं ते उजवीकडून डावीकडे, उलट्या आकारात, आणि कागद उलटून वाचायचं डावीकडून उजवीकडे. सुरुवातीला सगळी मुलं बोट जोरात दाबतात. दाबलं की ठिपका हरवतो. बोट हलकं ठेवायला शिकायला महिने लागतात. पूर्वी भराभर वाचणारी मुलगी आता एक ओळ वाचायला पाच मिनिटं घेते, आणि तिचा राग त्या पाच मिनिटांत असतो. ‘अंधाराच्या खाईत’ वगैरे शब्दांत तो सापडत नाही.

कानांविषयी दोनच गोष्टी. ओठ वाचून सगळं कळतं, असं दाखवू नका. प, ब आणि म ओठांवर सारखेच दिसतात. ‘पाट’, ‘बाट’, ‘माट’ यांतलं काय, हे संदर्भावरूनच ओळखायचं असतं, आणि शिक्षक फळ्याकडे वळून बोलले की तेही जातं. दुसरं, कॉक्लिअर इम्प्लांट, म्हणजे शस्त्रक्रियेने कानात बसवलेलं ऐकण्याचं यंत्र, सुरू केल्या दिवशी मूल ‘आई’ ऐकून हसत नाही. आधी नुसते आवाज येतात, त्यांना अर्थ लागायला महिनोन् महिने सराव लागतो.

भाषेबद्दल आमची बाजू कदाचित तुम्हाला अनपेक्षित वाटेल. निवेदकाने आदराचे शब्द वापरावेत हे बरोबरच. पण वर्गातल्या पोरांच्या तोंडचे शब्द धुऊन काढू नका. ‘काऊन बे लंगड्या, येत नाय का खेळाले?’ असं नागपुरातला पोट्टा म्हणतो, कधी दुष्टपणे, कधी अगदी मैत्रीत, आणि त्यातला फरक ओळखणं हे त्या मुलाचं त्या वर्षातलं मोठं शिक्षण असतं. म्हणींचंही तसंच. ‘आंधळा मागतो एक डोळा, देव देतो दोन’ ही म्हण मराठीच्या तासाला येणारच. ती आली की वर्ग कुठे बघतो, बाई काय करतात, हे लिहा. ‘दिव्यांग’ हा शब्द छापल्याने ते काम होत नाही. तसंच, मुख्याध्यापक दयेपोटी प्रवेश देतात असं रंगवू नका. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात एकवीस प्रकारची अपंगत्वं धरली आहेत, आणि ठरावीक प्रमाणात अपंगत्व असलेल्या सहा ते अठरा वयाच्या मुलाला जवळच्या शाळेत मोफत शिकण्याचा हक्क आहे. परीक्षेत तासाला वीस मिनिटं जादा मिळतात, तीही सवलत म्हणून मागायची नसतात. कादंबरीतल्या वडिलांना हे माहीत असलं तर त्यांचा आवाज बदलेल.

आता तुमच्या हातात असलेलं काम. दृष्टी गेलेल्या मुलीवरची कादंबरी दृष्टी नसलेल्या मुलीला वाचता येत नाही, यासारखं दुःख नाही, आणि त्याचं कारण बहुतेक वेळा फाँट आहे. श्रीलिपी, कृतिदेव यांसारख्या जुन्या फाँटमध्ये अक्षर जुळवलं की पडद्यावर मराठी दिसतं, पण आत रोमन खुणा साठवलेल्या असतात. एनव्हीडीएसारखा पडदावाचक, म्हणजे पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारा प्रोग्राम, ती फाइल उघडतो आणि अर्थहीन आवाज काढतो. मजकूर युनिकोडमध्ये जुळवा. जुनी फाइल युनिकोडमध्ये बदलून घेतली तर रफार, ऱ्हस्व वेलांटी आणि ‘दुसऱ्या’, ‘साऱ्या’ मधला ऱ्य डोळ्यांनी तपासा, कारण नेमकं तिथेच बिघडतं. ई-पुस्तक करताना प्रत्येक चित्रामागे दोन ओळींचं वर्णन लिहा. ‘मुलीचं चित्र’ एवढ्याने भागत नाही. मजकूर चित्रावर छापू नका, मंद दृष्टीच्या मुलांना तो दिसत नाही. त्यांच्यासाठी अठरा पॉइंटची आवृत्ती काढता आली तर उत्तम.

स्वामित्वहक्काची काळजी नको. २०१२ च्या दुरुस्तीनंतर अपंग वाचकांसाठी ना-नफा तत्त्वावर सुगम प्रत करायला परवानगी लागत नाही, आणि छापील पुस्तक वाचू न शकणाऱ्यांसाठीच्या मराकेश कराराला मान्यता देणारा भारत पहिला देश होता, २०१४ मध्ये. अडचण परवानगीची नसतेच. संस्थांना छापील पुस्तक पुन्हा टाइप करावं लागतं, पानापानाने. छापून झालेली युनिकोड फाइल तुम्ही अंधशाळेला किंवा सुगम्य पुस्तकालय या ऑनलाइन ग्रंथालयाला दिलीत तर तो सगळा वेळ वाचेल. दीडशे पानांची कादंबरी ब्रेलमध्ये दोन-तीन जाड खंड होते, दप्तरात मावत नाही. म्हणून मुलांना दोन्ही हवं, ब्रेलचा खंड आणि ऐकण्याची फाइल.

लेखकांना आमची विनंती एवढीच, की हस्तलिखित पूर्ण झाल्यावर नव्हे, तर आराखडा तयार असतानाच तो एखाद्या फिजिओथेरपिस्टला, एखाद्या विशेष शिक्षकाला आणि मुख्य म्हणजे तसं अपंगत्व असलेल्या दोन मुलांना वाचून दाखवा. मुलांना ‘तुला हे आवडलं का?’ असं विचारू नका. ‘यात काय राहिलं?’ असं विचारा. त्यांच्या उत्तरांची एक वही होईल, आणि त्यात पहिल्याच पानावर बहुधा संडास असेल.

चित्रांची कच्ची रेखाटनंही शाई चढण्याआधी आम्हाला दाखवा. कुबडीची उंची, खुर्चीची रुंदी, काठी धरलेला हात बघायला अर्धा तास लागतो. आणि सगळी चित्रं एकत्र मांडून एक गोष्ट न चुकता तपासा: पान नऊवर उजवा असलेला कृत्रिम पाय पान चाळीसवर डावा झालेला नाही ना. मोठ्या वाचकांच्या हे ध्यानातही येत नाही. ज्या मुलीचा उजवा पाय गेला आहे, तिला ते पहिल्या नजरेत दिसतं.

आपले,
नागपुरातील काही फिजिओथेरपिस्ट, कृत्रिम अवयव तंत्रज्ञ आणि विशेष शिक्षक